मराठीचा हट्ट आणि मगरीची बातमी: बडोद्यातल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे कुटुंब बडोद्यातलं. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि एकदोन तपशील बदलले आहेत. घरात पाच माणसं: आई, बाबा, आजी, अकरा वर्षांची मोठी आणि आठ वर्षांचा धाकटा. पणजोबा गायकवाडांच्या नोकरीत होते, तेव्हापासून ही मंडळी बडोद्यात. पूर्वी दांडिया बाजारात वाड्यात राहायची, आता मांजलपुरात फ्लॅट आहे. घरात मराठी, जिन्यात गुजराती, शाळेत इंग्रजी आणि टीव्हीवर हिंदी, असा दिवस जातो. आजी लग्न होऊन साताऱ्याहून आल्या. त्या गुजराती फर्डी बोलतात, पण वाचायला अजून वेळ लागतो.

दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात. हिंदी शाळेत आहे. गुजरातीही आहे, कारण 2023 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कुठलाही असो, पहिली ते आठवी गुजराती शिकवावीच लागते. मराठी कुठेच नाही. ती शिकवायची तर घरीच, आणि घरी ती जबाबदारी बाबांनी अंगावर घेतली होती.

बडोद्यात वाचनाचा विषय निघाला की सयाजीराव महाराज येतातच. या घरातही आले. 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण, 1910 मध्ये अमेरिकेतून बोलावलेले ग्रंथपाल बोर्डन, गावोगाव जाणाऱ्या फिरत्या ग्रंथपेट्या, हे सगळं बाबांना तोंडपाठ. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत शेवटचं कधी गेलात, असं विचारल्यावर मात्र ते आईकडे बघायला लागले.

मी आमच्या भागात शनिवारी संध्याकाळी मुलांना पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करते, त्याआधी शाळेत शिकवत होते. आई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आमची दोघं वाचतच नाहीत हो. काहीतरी सांगा."

तक्रार एक, अडचणी तीन

घरी जाऊन बसले तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की मोठी भरपूर वाचते. सोफ्याच्या मागे तिची इंग्रजी पुस्तकं रचलेली होती. सगळी एकाच धाटणीची: अमेरिकेतली शाळा, रोजनिशी, लॉकर, कँटीनमधली भांडणं. एक संपलं की पुढचा भाग. आईंच्या "वाचतच नाहीत" चा अर्थ "मराठी वाचत नाहीत" असा होता. आणि धाकटा कुठल्याच भाषेत आपणहून पुस्तक उचलत नव्हता. दोघांना एकाच वाक्यात बसवल्यामुळे घरात उपायही एकच चालू होता.

तो उपाय असा: रोज रात्री जेवणानंतर प्रत्येकाने मराठीचं एक पान मोठ्याने वाचायचं, मग वीस मिनिटं मोबाइल. बाबा शेजारी बसून प्रत्येक चुकलेला शब्द दुरुस्त करणार. पान संपल्यावर "यातून काय शिकलास?" हा प्रश्न. मुलांच्या लेखी मराठीचं पान म्हणजे मोबाइलच्या नाक्यावर भरायची जकात झाली होती, आणि जकात कमीत कमी कशी भरायची हे दोघांनाही उत्तम जमत होतं. मोठी कमी मजकुराचं पान निवडायची. धाकटा चित्राचं.

मी कपाटातली मुलांची पुस्तकं खाली काढून जमिनीवर मांडली. थोरांची चरित्रं, बोधकथा, पंचतंत्राच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या, एक जाडजूड महाभारत, संस्कारांवरच्या पातळ पुस्तिका. वाईट काहीच नव्हतं. पण हसू येईल असं एक पुस्तक नव्हतं. आजच्या काळात राहणारी, मोठीच्या वयाची मुलगी एकाही पुस्तकात नव्हती. फ्लॅटमध्ये राहणारं, घरात एक भाषा आणि जिन्यात दुसरी बोलणारं मूलही नव्हतं. मोठीला विचारलं, मराठी का नको? ती म्हणाली, "त्यात शेवटी कोणीतरी सुधारतंच." या घरातलं वाचनाचं इतकं नेमकं परीक्षण मला नंतरही कोणाकडून ऐकायला मिळालं नाही.

तिसरी अडचण मोठ्यांची होती आणि ती पुस्तकांची नव्हतीच. बाबांना भीती होती की मराठी या पिढीत संपेल. "आत्ता सोडलं तर यांची मुलं मराठी आडनावाची गुजराती होतील," असं ते म्हणाले. ही भीती खोटी नाही. बडोदं, इंदूर, ग्वाल्हेर, कुठल्याही जुन्या मराठी वस्तीत विचारा. फक्त ती भीती रोज रात्री धाकट्याच्या एका पानावर येऊन बसत होती, आणि ते पान ते ओझं पेलू शकत नव्हतं.

धाकट्याची तपासणी

काही करण्याआधी दोन गोष्टी करून घेतल्या. एक, डोळे तपासले. नंबर नव्हता. हे आधी करावं, कारण पुस्तक डोळ्यांजवळ धरणाऱ्या किंवा ओळ हरवणाऱ्या मुलाला आपण फार लवकर आळशी ठरवतो.

दोन, त्याच्याकडून तीन भाषांत वाचून घेतलं: गुजरातीचं शाळेचं पुस्तक, हिंदीचं पुस्तक आणि घरातलं एक मराठी. गुजराती तो वयाला शोभेल असं सरळ वाचत होता. हिंदी थोडं अडखळत. मराठीत मात्र दर ओळीला ठेच. तिन्ही भाषांत सारखाच अडखळला असता, तर मी पुस्तकं बाजूला ठेवून आधी तज्ज्ञांकडे पाठवलं असतं, कारण वाचन-अक्षमतेची शंका तिथे घ्यायलाच हवी. इथे तसं नव्हतं. आजीने मराठीत गोष्ट सांगितली की त्याला सगळं समजायचं, पुढचं तो स्वतः सांगायचा. म्हणजे भाषा होती, अक्षरांची ओळखही होती. मधला सांधा निखळलेला होता.

सांधा कुठे निखळला तेही दिसलं. देवनागरी तो हिंदीतून शिकला होता. हिंदीत 'च' एकाच प्रकारचा, मराठीत 'चहा' मधला वेगळा आणि 'चमचा' मधला वेगळा. ज आणि झ चं तेच. 'झालं', 'केलं', 'पुस्तकं' यांच्या शेवटच्या टिंबाशी तो थबकायचा आणि 'झालन्' असं काहीतरी म्हणायचा. ळ ला मात्र कधी अडला नाही, तो त्याला गुजरातीतून ठाऊक होता. बाबांना यातली प्रत्येक चूक निष्काळजीपणाची वाटत होती. खरं म्हणजे शाळेत शिकलेले नियम तो इमानाने लावत होता, फक्त ते शेजारच्या भाषेचे होते. अक्षरं जुळवण्यातच सगळं लक्ष खर्च झालं की गोष्टीसाठी काही उरत नाही, आणि गोष्टच हाती लागत नसेल तर पुढचं पान कोण उलटेल?

समोर असलेले पर्याय

बाबांच्या मनात मराठीचा क्लास होता. ओळखीच्या एक निवृत्त बाई तयारही होत्या. क्लासने उच्चार आणि जोडाक्षरं सुधारली असती, यात शंका नाही. पण आठवड्यात आधीच पोहणं, तबला आणि गणिताची शिकवणी होती. मराठी त्या रांगेत चौथी उभी राहिली असती.

आईंना तक्ता लावायचा होता: पुस्तक संपलं की तारा, दहा तारे झाले की बक्षीस. याला मी विरोध केला. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्या मुलांना चित्र काढण्याबद्दल बक्षीस मिळेल असं आधी सांगितलं, ती पुढे मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. आणि ही तर आधीपासून आवडीने चित्रं काढणारी मुलं होती. मोठी आवडीने वाचतेच आहे, तिला तारे देऊन काय साधायचं?

तिसरा पर्याय मोठीची इंग्रजी मालिका बंद करण्याचा. हा आजींचा. तो आईंनीच खोडून काढला, "मग ती मोबाइल घेईल."

चौथा पर्याय मी मांडला. मराठी आणि वाचन यांची गाठ काही काळ सोडवायची. मराठी कानाने: रोज रात्री मोठ्या माणसाने वाचायचं, मुलांनी नुसतं ऐकायचं. वाचन मात्र कुठल्याही भाषेत, कुठलंही, मूल उचलेल ते. बाबांना हा पर्याय शरणागतीसारखा वाटला. दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी दिवाळीपर्यंत करून बघू, जमलं नाही तर क्लास, यावर ते आले. अशी मुदत घातली हे बरं झालं. "कायमचं सोडा" म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, आणि त्यांच्या जागी मीही ऐकलं नसतं.

काय केलं

पानाचा नियम रद्द. मोबाइलची वेळ वाचनापासून तोडून संध्याकाळी नेली. बूट ठेवायचा एक जुना बुटका रॅक घासूनपुसून हॉलमध्ये आणला आणि त्यावर पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी उभी ठेवली. बोधकथा फेकल्या नाहीत, त्याही तिथेच, इतरांच्या शेजारी.

रात्रीचं वाचन बाबांवर आलं, कारण आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. पहिले काही दिवस ते बातम्या दिल्यासारखे वाचायचे. मग आजी मधूनच "अरे, तो चोर आहे, चोरासारखा बोल की" असं म्हणू लागल्या आणि ते खुलले. वाचायला 'किशोर' चे जुने अंक घेतले. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत मिळतात. एका अंकात गोष्ट, कविता, माहिती, कोडी असं सगळं असतं, त्यामुळे एखादं आवडलं नाही तर पुढे जाता येतं. वाचून झाल्यावर प्रश्न विचारायचा नाही, हा बाबांसाठी सगळ्यात अवघड नियम होता.

धाकट्यासाठी 'स्टोरीवीव्हर' वापरलं. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने 2015 मध्ये सुरू केलेला हा इंटरनेटवरचा मुक्त संग्रह आहे. एकच चित्रगोष्ट अनेक भाषांत मिळते, पातळ्या ठरलेल्या असतात, छापून घेता येते. आम्ही पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या गोष्टी गुजरातीत आणि मराठीत अशा जोडीने छापल्या. आधी तो गुजरातीत वाचायचा. गोष्ट कळलेली असली की मराठीतलं 'झालं' त्याला अंदाजाने नीट उच्चारता यायचं. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकंही अशीच अनेक भाषांत निघतात, किंमतही परवडते.

मांडवीच्या लायब्ररीची फेरी झाली. लोखंडी रॅक आणि काचेच्या जमिनीचे मजले याबद्दल बाबांनी इतकं सांगितलं होतं, की धाकट्याला पुस्तकांपेक्षा ती जमीनच बघायची होती. तेही चालतं. मूल लायब्ररीत कशासाठी शिरलं याची चौकशी करू नये.

मगर

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला. बडोद्याबाहेरच्यांना सांगायला हवं की ही नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. पाणी चढलं की त्या सोसायट्यांच्या आवारात, रस्त्यावर येतात. त्या आठवड्यात गुजराती वर्तमानपत्रांत मगरी पकडल्याच्या बातम्या आणि फोटो रोज असायचे. धाकटा सकाळी उठून शेजारच्या बांकडे (बा म्हणजे गुजराती आजी) जायचा, त्यांचा पेपर मागायचा आणि बातमी वाचायचा. अख्खी बातमी, कोणी न सांगता. मग बांकडून कात्री घेऊन ती कापायचा.

बाबांचा फोन आला. "मराठी राहिली बाजूला, हा गुजराती पेपर वाचतोय!" हा पहिला खरा निर्णयाचा क्षण. गुजराती थांबवून त्याच बातम्या मराठीत शोधून द्यायच्या का? ते सहज करता आलं असतं. पण मग मगरही अभ्यासात गेली असती. मी म्हटलं, आठ वर्षांचा मुलगा सकाळी स्वतःहून वर्तमानपत्र वाचतो आहे, तुमच्या आजोबांना हे ऐकून काय वाटलं असतं? थोडी खेळी होती ती, कबूल. पण बाबा गप्प झाले.

कात्रणांची वही झाली. तिच्यात मराठी शिरली ती आजींमुळे. साताऱ्याच्या बहिणीला त्या वहीचे फोटो पाठवायच्या आणि बहिणीला गुजराती वाचता येत नव्हतं. "मावशीआजीला कळायला नको का?" म्हणून धाकटा प्रत्येक कात्रणाखाली मराठीत दोन ओळी लिहू लागला. "ही मगर गेट जवल आली." ळ लिहिताना विसरायचा, बोलताना कधीच नाही. पहिला महिनाभर कोणी दुरुस्ती करायची नाही, असं ठरलं. साताऱ्याहून प्रश्न यायचे: मगर अंडी कुठे घालते? उत्तर शोधायला लायब्ररीतलं इंग्रजी प्राण्यांचं पुस्तक आलं. नदीच्या काठावर खड्डा करून घालते, आणि पिल्लू नर होणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं, ही बातमी त्याने जिन्यात भेटेल त्याला चार भाषांत सांगितली.

मोठी, आणि सुकटीचं प्रकरण

मोठीच्या मालिकेला हात लावला नाही. तिच्या रॅकवर फक्त शेजार बदलत गेला. पहिली दोन मराठी पुस्तकं तिने न वाचता परत दिली. तिसऱ्यांदा भोपाळच्या एकलव्य संस्थेचं 'चकमक' हे हिंदी मासिक दिलं. ते 1985 पासून निघतं आणि त्यात मुलांनी स्वतः लिहिलेलं बरंच असतं. तिने ते ठेवून घेतलं. "यात मुलं खोटं गोड लिहीत नाहीत," हा शेरा. तिथून इतर भारतीय भाषांतून आलेल्या गोष्टींकडे ती वळली, काही हिंदीत, काही इंग्रजीत आणि मग दोनचार मराठीतही. यातल्या मुलांची घरं तिच्या घरासारखी नव्हती, आणि अमेरिकेतल्या शाळेसारखीही नव्हती.

अशाच एका पुस्तकात किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या घरातला मुलगा होता. तो डब्यात सुकट नेतो आणि वर्गात त्याच्या शेजारी कोणी बसत नाही. आजींनी ते चाळलं आणि बाजूला ठेवलं. शाकाहारी घर. "असलं कशाला मुलांच्या हातात?" सुकट त्यांना खटकलीच, पण त्याहून जास्त ते खटकलं की गोष्टीत त्याच्या शेजारी न बसणारी मुलं आपल्यासारख्या घरातली होती.

तीन वाटा होत्या. पुस्तक परत करणं. तेवढी पानं गाळून वाचणं. किंवा ठेवणं. आई परत करायच्या बाजूला होत्या, घरात वाद नको म्हणून. मी ठेवायच्या बाजूला होते, पण आजींना बाजूला सारून नव्हे. घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाला डावलून आलेलं पुस्तक मुलं चोरून वाचतात किंवा अजिबात वाचत नाहीत. शेवटी आजींनीच अट घातली: आधी मी पूर्ण वाचणार. ऑपरेशन तोवर झालं होतं. त्यांनी वाचलं, नातीने वाचलं, आणि मग स्वयंपाकघरात दोघींचं चांगलंच वाजलं. मोठी म्हणाली, "आजी, तो खातो. मी थोडीच खाते? पण मी त्याच्या शेजारी बसले असते की नाही, ते मला माहीत नाही." आजींनी उत्तर दिलं नाही. पुस्तक मात्र रॅकवर राहिलं, आणि "आधी मी वाचणार" ही प्रथाही राहिली. त्यामुळे आजी त्या वर्षात मुलांची जितकी पुस्तकं वाचत गेल्या, तितकी घरात दुसऱ्या कोणी वाचली नसतील.

निष्पत्ती

दिवाळीची मुदत आली आणि क्लासचा विषय निघाला नाही. वर्षअखेरचं चित्र संमिश्र आहे. धाकटा आपणहून वाचतो: प्राणी, पूर, आगगाड्या, बहुतेक गुजराती आणि इंग्रजीत. मराठी चित्रगोष्ट हाती दिली तर वाचतो, उच्चार बरेच सुधारले. पण चित्रं नसलेलं मराठी पुस्तक त्याने अजून उचललेलं नाही. मोठीची इंग्रजी मालिका चालूच आहे, शेजारी इतर गोष्टीही आहेत. रात्रीचं मराठी ऐकणं दोघांनी क्वचितच चुकवलं. बाबांची भीती गेली नाही. ते अजून मधूनच विचारतात, "पण मराठी लिहायला कधी लागतील?"

वेगळं काय करता आलं असतं

शाळेला यात घ्यायला हवं होतं. गुजराती शिकवणाऱ्या बाईंना धाकट्याची वही दाखवली असती, तर त्याच्या वाचनाला शाळेतही जागा मिळाली असती. तो शाळेत अजूनही "वाचनात मागे" या यादीत आहे.

गुजराती बालसाहित्य रॅकवर उशिरा आलं, तेही मुलाच्या मागणीने. खरं तर बडोद्यातल्या मराठी घराला ते परकं असायचं कारण नाही. भावनगरला गुजराती बालशिक्षक आणि लेखक गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करून पुढे महाराष्ट्रात बालशिक्षण उभं करणाऱ्या ताराबाई मोडक मराठीच होत्या. गिजुभाईंच्या गोष्टी मुळात तोंडाने सांगायच्या. शेजारच्या बांना आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवता आलं असतं. बा तयार झाल्या असत्या, त्यांच्याकडे वेळही होता आणि पेपरही.

मोठीला पहिली दोन पुस्तकं निवडताना तिला दुकानात नेता आलं असतं. दोन्ही पुस्तकं मोठ्या माणसांच्या आवडीची होती.

सध्या

मोठी सातवीत गेली आणि शिकवणी रात्री नऊपर्यंत आली, त्यामुळे रात्रीच्या वाचनाची वेळ मोडली. बाबांनी सकाळी साडेसहा सुचवले, तिने साफ नकार दिला. सध्या धाकट्यासाठी रात्री आणि तिच्यासाठी रविवारी दुपारी, असं चाललं आहे. रविवारी पुस्तक ती निवडते आणि वाचून दाखवायचं काम बाबांचंच आहे.